वर्ध्याचा ठराव आणि मुंबईचा महापौर : युसूफ मेहेरअली यांची ओळख

१४ जुलै १९४२ रोजी वर्ध्यात काँग्रेस कार्यकारिणीने एक ठराव मंजूर केला. इंग्रजांनी हिंदुस्थानातली आपली सत्ता सोडावी, ही त्यातली मुख्य मागणी. काँग्रेसचे अध्यक्ष तेव्हा मौलाना अबुल कलाम आझाद होते. पुढे ८ ऑगस्टला मुंबईच्या गोवालिया टँक मैदानावर अखिल भारतीय काँग्रेस समितीने याच मागणीवर शिक्कामोर्तब केलं आणि देशभर आंदोलन पेटलं. आपल्या जिल्ह्यातल्या शाळांमध्ये दर ऑगस्टला हा इतिहास मुलांना सांगितला जातो. वर्धेकरांना त्याचा अभिमान आहे आणि तो असायलाच हवा.

एक गोष्ट मात्र सांगायची राहून जाते. वर्ध्याचा ठराव घ्या की मुंबईचा, 'क्विट इंडिया' हे दोन शब्द त्यांत कुठेच नाहीत. ठरावाची भाषा लांबलचक, कायदेशीर, सत्ता काढून घेण्याविषयीची. गावागावांत भिंतींवर लिहिता येतील आणि मिरवणुकीत ओरडता येतील असे दोन शब्द त्याला मिळाले ते मुंबईच्या तेव्हाच्या महापौरांकडून. त्यांचं नाव युसूफ मेहेरअली. वय त्या वेळी अवघं ३८.

बी.एड. केलेल्या कुणालाही वर्धा शिक्षण योजना आणि डॉ. झाकिर हुसैन समिती पाठ असते. १९३७ सालची वर्ध्याची शिक्षण परिषद परीक्षेत हमखास विचारली जाते. मेहेरअलींवर प्रश्न येत नाही, म्हणून नावही येत नाही. आमच्या घरांमध्ये मौलाना आझाद, खान अब्दुल गफ्फार खान, अशफाकउल्ला खान ही नावं मुलांना माहीत असतात. मेहेरअली विचारले तर बहुतेक जण गप्प बसतात. म्हणून ही थोडी सविस्तर माहिती.

सुखवस्तू घरातला मुलगा

युसूफ मेहेरअलींचा जन्म २३ सप्टेंबर १९०३ रोजी मुंबईत एका श्रीमंत खोजा व्यापारी कुटुंबात झाला. मुंबईतल्या सुरुवातीच्या कापड गिरण्यांपैकी एक त्यांच्या पणजोबांनी काढलेली होती. म्हणजे गादीवर बसून आयुष्य काढायचं म्हटलं असतं तर काही कमी पडलं नसतं. एल्फिन्स्टन कॉलेजातून ते पदवीधर झाले, मग कायद्याचं शिक्षण घेतलं. पण राजकीय भाषणं आणि चळवळीमुळे त्यांना वकिलीची सनद नाकारण्यात आली. वकिलांची भाषणं सरकारला खटकायची, पण म्हणून सनदच न देणं ही त्या काळातही क्वचित घडणारी गोष्ट होती.

१९२८ साली त्यांचं नाव मुंबईभर झालं. सायमन आयोगात सातही सभासद इंग्रज होते, हिंदी माणूस एकही नव्हता. ३ फेब्रुवारी १९२८ ला आयोग मुंबईच्या बंदरात उतरणार होता. मेहेरअली आणि बॉम्बे यूथ लीगच्या तरुणांनी ठरवलं की निषेध थेट धक्क्यावर जाऊन करायचा. आधी बोटींतून समुद्रातच आयोगाला गाठायचा बेत होता, तो पोलिसांना कळला. मग ही मंडळी हमालांच्या वेशात बंदरावर पोहोचली आणि सायमनसाहेबांना तोंडावर ऐकवलं, 'सायमन गो बॅक'. लाठ्या पडल्या. पण घोषणा देशभर गेली, आणि आयोग जिथे जिथे गेला तिथे तिथे तीच त्याच्या स्वागताला उभी राहिली. ही घोषणाही मेहेरअलींचीच. वय २४.

स्वातंत्र्यलढ्यातल्या दोन सर्वांत गाजलेल्या इंग्रजी घोषणा एकाच माणसाच्या नावावर आहेत, ही गोष्ट मुलांना सांगितली की ती आधी विश्वास ठेवत नाहीत.

पुढची वर्षं तुरुंगात येण्या-जाण्याची. मिठाच्या सत्याग्रहात १९३० साली चार महिन्यांची शिक्षा झाली. १९३२ मध्ये कटाच्या आरोपाखाली दोन वर्षांची झाली, ती नाशिकच्या तुरुंगात काढली. त्याच तुरुंगात जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता, ना. ग. गोरे ही तरुण मंडळी होती. दिवसभर वाद, वाचन, चर्चा. त्यातून १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला. स्वराज्य आलं तरी गिरणी कामगाराचं आणि कुळाचं काय होणार, हा या मंडळींचा मूळ सवाल होता. मेहेरअलींच्या बाबतीत त्याला वेगळं वजन होतं, कारण ते स्वतः गिरणीमालकांच्या घरातून आले होते.

१९३८ साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात जागतिक युवक परिषद भरली, तिथे हिंदी शिष्टमंडळाचं नेतृत्व त्यांनी केलं. आपल्या देशाच्या प्रश्नांवर आणि माणसांवर सोप्या, स्वस्त पुस्तिकाच नाहीत, ही उणीव त्यांना जाणवली. त्यातून 'लीडर्स ऑफ इंडिया' ही छोटी चरित्रं त्यांनी लिहिली. ती गुजराती, हिंदी आणि उर्दूतही निघाली. सभा गाजवणारा कार्यकर्ता बसून छोटी पुस्तकं लिहितो, हे मला तरी विशेष वाटतं. भाषण त्या संध्याकाळपुरतं असतं, पुस्तिका घरात राहते.

लाहोरचा तुरुंग ते महापौरांची खुर्ची

मुंबई महापालिका तेव्हा कशी चालायची, हे आधी समजून घ्यावं लागेल, नाहीतर 'महापौर' हा शब्द ऐकून आपण भलताच अंदाज बांधू. पालिकेचा कायदा १८८८ चा. कारभाराची खरी सत्ता सरकारने नेमलेल्या आयुक्ताच्या हाती. निवडून आलेल्या सभागृहाच्या प्रमुखाला आधी अध्यक्ष म्हणत, १९३१ पासून महापौर म्हणू लागले. मुदत एक वर्षाची. मतदानही सगळ्यांना नव्हतं. कर किंवा ठरावीक भाडं भरणाऱ्यांनाच मत होतं. प्रौढ मताधिकारावर मुंबई पालिकेची पहिली निवडणूक १९४८ साली झाली. म्हणजे मेहेरअली ज्या सभागृहाचे प्रमुख झाले तिथे फूटपाथवर झोपणाऱ्या हमालाचं मत नव्हतं, आणि महापौराच्या सहीने रस्ताही होत नव्हता.

मुसलमान माणूस या पालिकेचा प्रमुख होण्याची ती पहिली वेळ नव्हती. रहिमतुल्ला सयानी १८८८ साली अध्यक्ष झाले होते, तेच पुढे १८९६ च्या कलकत्ता अधिवेशनात काँग्रेसचे अध्यक्ष झाले. पण सयानींचा जमाना अर्ज-विनंत्यांचा होता. १९४२ मध्ये वातावरण पार बदललेलं होतं. मुस्लिम लीगने लाहोरचा ठराव १९४० मध्येच केला होता. मुसलमान पुढाऱ्याने कोणाच्या वतीने बोलायचं, हा प्रश्न रोज वर्तमानपत्रात येत होता. अशा वेळी काँग्रेसने महापौरपदासाठी ज्याचं नाव पुढे केलं तो माणूस नेमका लाहोरच्या तुरुंगात होता. निवडणुकीसाठी त्यांची सुटका झाली, ते मुंबईत आले आणि महापौर झाले. तोवरच्या महापौरांत ते वयाने सर्वांत लहान होते.

१९४२ चा उन्हाळा मुंबईसाठी साधा नव्हता. मार्चमध्ये जपानने रंगून घेतलं होतं. एप्रिलच्या सुरुवातीला कोलंबो आणि विशाखापट्टणमवर बॉम्ब पडले. पुढचा नंबर मुंबईचा, अशी धास्ती पसरली होती. रात्री दिवे झाकायचे, भोंगे वाजले की आडोशाला पळायचं. लोक बायकामुलांना गावी पोहोचवत होते. नागरी संरक्षणाची सरकारी व्यवस्था होती, पण ती सरकारच्या तंत्राने चालणारी. शहरातल्या माणसांवर ज्यांचा विश्वास आहे अशा लोकांनी हे काम हाती घ्यावं, म्हणून महापौर मेहेरअलींनी नागरिकांचं स्वयंसेवक दल उभं करण्यावर भर दिला. हाती सत्ता नसलेल्या महापौराला करता येण्यासारखं ते होतं : माणसं जमवणं, त्यांना शिकवणं आणि घाबरलेल्या शहरात फिरत राहणं. हे काम त्यांना यूथ लीगपासून येत होतंच.

दोन शब्द

आता वर्ध्याच्या ठरावाकडे परत येऊ. जुलैच्या मध्यात ठराव झाला आणि ऑगस्टच्या सुरुवातीला गांधीजी सेवाग्रामहून मुंबईला गेले. आंदोलनाला नाव काय द्यायचं, यावर त्यांच्या भोवतीच्या मंडळींत चर्चा झाली. उद्योगपती शांतिकुमार मोरारजी यांनी त्याची आठवण नोंदवून ठेवली आहे. कोणीतरी 'गेट आऊट' सुचवलं. गांधीजींना ते उद्धट वाटलं. राजाजींनी माघार घेण्याच्या अर्थाचे शब्द सुचवले, तेही बसेनात. मग मेहेरअलींनी गांधीजींना एक धनुष्य भेट दिलं, त्यावर 'क्विट इंडिया' कोरलेलं होतं. गांधीजींनी 'आमेन' म्हणून ते मान्य केलं.

आमेन हा शब्द वाचून आपल्या वाचकांना 'आमीन' आठवेल. मूळ एकच आहे.

शब्द निवडण्यातली समज बघा. 'गेट आऊट' हे शिवी दिल्यासारखं. 'क्विट' म्हणजे जागा सोडा, जसं घरमालक भाडेकरूला नोटीस देतो तसं. मुंबईच्या चाळीत आयुष्य काढणाऱ्याला हा शब्द कळायला काही शिकवावं लागलं नसतं. मराठीत त्याचं 'चले जाव' झालं, हिंदुस्थानीत 'भारत छोडो'.

मेहेरअली तेवढ्यावर थांबले नाहीत. 'क्विट इंडिया' नावाची पुस्तिका त्यांनी काढली, ती काही आठवड्यांत संपली. घोषणा छापलेले हजाराहून अधिक बिल्ले तयार करवून वाटले. अधिवेशन भरलं तेव्हा शब्द लोकांच्या छातीवर आधीच लागलेले होते.

९ ऑगस्टच्या पहाटे धरपकड झाली. गांधीजींना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नेलं. मौलाना आझाद आणि कार्यकारिणीचे सभासद अहमदनगरच्या किल्ल्यात गेले. उर्दू वाचणाऱ्यांना 'गुबार-ए-खातिर' मधली पत्रं तिथलीच हे माहीत असेल. महापौर मेहेरअलींनाही अटक झाली. आठवडाभरातच, १६ ऑगस्टला, आपल्या जिल्ह्यातल्या आष्टीत लोक पोलीस ठाण्यावर चालून गेले, गोळीबार झाला, गावकरी शहीद झाले. आज आपण त्या गावाला शहीद आष्टी म्हणतो. ठराव वर्ध्याचा, शब्द मुंबईचे आणि रक्त आष्टी-चिमूरचं, असा हा महिना होता.

महापौर म्हणून मेहेरअलींना प्रत्यक्ष मिळाले ते जेमतेम चार महिने. त्यांच्यानंतर १९४३ मध्ये त्यांचेच नाशिकच्या तुरुंगातले सोबती मिनू मसानी महापौर झाले.

आपल्याकडचे नगरसेवक

वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळी आणि सिंदी रेल्वे अशा आपल्या जिल्ह्यातल्या नगरपरिषदा. यांतल्या कित्येक प्रभागांत मुस्लिम मतं निर्णायक आहेत आणि मुस्लिम नगरसेवक निवडूनही येतात. त्यांच्याकडून आपल्या अपेक्षा काय असतात? कब्रस्तानची भिंत, ईदगाहकडे जाणारा रस्ता, रमजानमध्ये वेळेवर पाणी, उर्दू शाळेची दुरुस्ती, नाली. यात चुकीचं काही नाही. कब्रस्तानच्या भिंतीसाठी नगरसेवकाकडे जायचं नाही तर कुणाकडे जायचं? नगरपरिषदेचं कामच ते आहे, आणि ते नीट करणारा नगरसेवक दुआ घेऊन जातो.

अडचण वेगळी आहे. हळूहळू नगरसेवकाने स्वतःला आणि लोकांनी त्याला मोहल्ल्यापुरतंच बघायला सुरुवात केली. बाजारपेठेतला रस्ता, शहराची पाणीपुरवठा योजना, कचरा डेपो, अर्थसंकल्पाची सभा, यांत 'आपला माणूस' बोलताना फार कमी दिसतो. दुसऱ्या बाजूनेही तेच. सभागृहात त्याला अल्पसंख्याक म्हणूनच मोजलं जातं, सगळ्या गावाचा प्रतिनिधी म्हणून नाही. दोन्हीकडून रेघ ओढली जाते आणि मग ती पक्की होते.

मेहेरअलींनी ही रेघ मानली नाही. ते नमाजी घरातले की नाही, टोपी घालायचे की नाही, यावर त्यांचं राजकारण उभं नव्हतं. मुसलमान असल्याचं त्यांनी लपवलंही नाही आणि भांडवलही केलं नाही. गिरणी कामगार, कुळं, हमाल, विद्यार्थी, युद्धाच्या भीतीने सैरभैर झालेलं शहर, हे सगळे त्यांचे होते. याची किंमतही होती. लीगच्या लोकांना ते आपले वाटले नाहीत. फाळणीला विरोध करणाऱ्या मुसलमान समाजवाद्यांना त्या वर्षांत दोन्ही बाजूंचे टोमणे खावे लागले. आज समाजमाध्यमांवर मुसलमानांनी स्वातंत्र्यासाठी काय केलं असं कोणी विचारलं की आपण मेहेरअलींचं नाव पटकन पुढे करतो. उत्तर म्हणून ते बरोबरच आहे. पण त्यांना फक्त हजेरीच्या यादीत ठेवणं हा त्यांच्यावर अन्यायही आहे, कारण अशी यादी त्यांनी स्वतः कधी केली नसती.

फरक एवढाच लक्षात घ्यायचा की त्यांची इज्जत खुर्चीमुळे झाली नव्हती. खुर्ची मिळायच्या आधी चौदा वर्षं ते रस्त्यावर होते. आपल्याकडे अनेकदा उलटा क्रम असतो : आधी तिकीट, मग निवडणूक, आणि निवडून आल्यावर समाजकार्याची फोटोसहित सुरुवात. हिंगणघाट असो की आर्वी, ज्या नगरसेवकांची नावं लोक पद गेल्यावरही घेतात ते बहुतेक आधीपासून कामाला लागलेले लोक असतात. कुणाच्या मयतीला रात्री दोनला उभा राहणारा, कुणाचं राशन कार्ड करून देणारा, दवाखान्यात सोबत जाणारा. असा माणूस प्रत्येक गावात एखादा तरी असतोच, तो निवडून आलेला असो वा नसो.

शेवटची वर्षं

तुरुंगात १९४३ मध्ये मेहेरअलींना हृदयविकाराचा झटका आला. त्यांना चांगल्या रुग्णालयात हलवण्याची तयारी सरकारने दाखवली. ते म्हणाले, माझ्यासोबत आणखी दोन आजारी कैदी आहेत, त्यांनाही हीच सोय द्या. सरकारने नकार दिला, तेव्हा त्यांनीही जायला नकार दिला. पुढे त्यांची सुटका झाली, पण तब्येत कायमची खालावली. महापौर राहिलेला, गिरणीमालकांच्या घरातला माणूस हृदयविकार असताना ही अट घालतो, यावर वेगळं काही लिहायची गरज नाही.

२ जुलै १९५० रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. वय ४६. शेवटच्या वेळी जयप्रकाश नारायण जवळ होते. दुसऱ्या दिवशी, ३ जुलैला दुपारी बारा वाजता मुंबईतल्या बस, ट्राम आणि लोकलगाड्या काही मिनिटं जागच्या जागी थांबल्या. महापौरपद सोडून आठ वर्षं झालेल्या आणि त्यातही चारच महिने ते भोगलेल्या माणसासाठी शहर असं थांबलं.

त्यांच्या समाजवादी सहकाऱ्यांनी आणि तरुण कार्यकर्त्यांनी १९६१ साली युसूफ मेहेरअली सेंटर ही संस्था काढली. रायगड जिल्ह्यात, पनवेल तालुक्यातल्या तारा गावी, मुंबई-गोवा महामार्गालगत तिचं मोठं केंद्र आहे. आसपासच्या आदिवासी आणि गरीब कुटुंबांसाठी दवाखाना, शाळा, तेलघाणी, साबण अशी कामं तिथे चालतात. बेचाळीसच्या आंदोलनात विद्यार्थी असताना तुरुंगात गेलेले डॉ. जी. जी. पारीख यांनी ही संस्था अनेक दशकं सांभाळली. ते २ ऑक्टोबर २०२५ रोजी वयाची शंभरी पार करून गेले. सेवाग्रामला सहलीने जाणाऱ्या शाळांनी कधी कोकणाकडे सहल काढली तर तारा वाटेवरच आहे. मुंबईत मस्जिद बंदर भागातल्या घाऊक बाजारातून युसूफ मेहेरअली रोड जातो, तिथून रोज हजारो हमाल डोक्यावर माल घेऊन जात असतात.